ईट्रेक्सची बोली पामच्या कानात घालताना

ईट्रेक्स हा गार्मिन कंपनीचा हातात धरायचा जुना जीपीएस, आणि पाम हा पेनने लिहायचा खिशातला जुना कॉम्प्युटर. दोघांना जोडायला ईट्रेक्सची पीसी केबल आणि पामची हॉटसिंक केबल (कॉम्प्युटरला जोडायची) शेजारी-शेजारी ठेवली की अडचण लगेच दिसते. दोन्हींच्या टोकाला नऊ भोकांचा मादी प्लग. नर टोक एकालाही नाही. मग दुकानातून दोन्हीकडे पिना असलेला जेंडर चेंजर येतो, मध्ये बसतो, आणि पामचा पडदा कोराच राहतो. इथे बहुतेक जण पामवरच्या प्रोग्रॅमला शिव्या घालतात, दुसरा टाकतात, तिसरा टाकतात. प्रोग्रॅमचा दोष नसतो.

या दोन्ही केबली कॉम्प्युटरशी बोलायला बनवलेल्या आहेत. कॉम्प्युटरचा सिरियल पोर्ट २ नंबरच्या पिनेवर ऐकतो आणि ३ नंबरवरून बोलतो. म्हणून ईट्रेक्सची केबल २ नंबरवरून बोलते, आणि पामचीही २ नंबरवरूनच. सरळ जेंडर चेंजर लावला की २ ला २ भिडतो, ३ ला ३. म्हणजे दोघांची तोंडं एकमेकांवर दाबलेली आणि कान एकमेकांना चिकटलेले. आपल्याकडच्या अहिराणीत, दोन्ही बोली ऱ्हायनात, आयकस कोन?

उपाय नल मोडेमचा. २ ची तार ३ ला, ३ ची तार २ ला, ५ ची ५ ला, आणि दोन्ही टोकं नर. एवढंच. बाकीचं सगळं याच्यानंतर येतं.

आता कोणी विचारेल, हातात फोन असताना हा खटाटोप कशाला. प्रश्न बरोबर आहे. पण पिवळ्या ईट्रेक्समध्ये बिंदूचं, म्हणजे नोंदलेल्या ठिकाणाचं, नाव सहाच अक्षरांचं, आणि तेही बाजूच्या बटणांनी एकेक अक्षर वर-खाली करत लिहायचं. शिवारातल्या चाळीस विहिरी नोंदवायच्या तर अंगठा दुखून येतो. पामला पेन आहे, पण त्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही. दोघं जोडले की बिंदू आणि त्यासोबतची टीप, म्हणजे गट नंबर, विहिरीची खोली, मोटार चालू की बंद, हे एका जागी येतं. टीप रोमन लिपीत लिहावी लागते. जुन्या पामवर देवनागरी नाही. आणि ईट्रेक्स दोन पेन्सिल सेलवर, पाम थ्री दोन बारीक सेलवर चालतो. धडगावच्या बाजारातही ते सेल मिळतात, चार्जर लागत नाही. ही दोन यंत्रं ज्यांच्या कपाटात पडून आहेत त्यांच्यासाठीच हे लिहिलंय. नवीन शोधून विकत घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही.

कोणता पाम, कोणता जीपीएस

पाम थ्री, थ्रीएक्स आणि त्यांची भावंडं सगळ्यात सोपी. पोर्ट खरा आरएस-२३२ (कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टचं ठरलेलं प्रमाण) आहे. पाम फाइव्हही चालतो, पण त्याची केबल वेगळी. थ्रीची केबल फाइव्हला बसत नाही. एम५०० आणि एम५०५ सोबत यूएसबीचा पाळणा (क्रेडल) यायचा, त्याचा इथे उपयोग नाही, त्यांची सिरियल हॉटसिंक केबल वेगळी मिळवावी लागते. टंगस्टन ई आणि झायर २१, ३१ यांना फक्त मिनी यूएसबी आहे, सिरियल नाहीच. त्यांच्या मागे लागू नका. हँडस्प्रिंग व्हायझरच्या पोर्टावर सिरियल आहे, पण व्होल्टेज लॉजिक पातळीचं, म्हणजे चिपच्या आतलं कमी. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर न घालता जोडला तर पोर्ट जाऊ शकतो.

जीपीएसच्या बाजूला पहिल्या पिढीचे ईट्रेक्स, म्हणजे पिवळा साधा, समिट, व्हेंचर, लेजंड, व्हिस्टा, यांना पाठीमागे रबरी झाकणाखाली चार सपाट पट्ट्या असतात. जीपीएस १२, ७२, ७६ यांना गोल चार पिनांचा प्लग. दोन्हींच्या पीसी केबलीचं दुसरं टोक सारखंच. नंतरच्या ज्या ईट्रेक्सना फक्त मिनी यूएसबी आहे ते पामला जोडता येत नाहीत, कारण यूएसबीवर कुणीतरी एकाने यजमान व्हावं लागतं आणि इथे दोघंही पाहुणे.

एक इशारा इथेच. पहिल्या ईट्रेक्सच्या चार पट्ट्यांपैकी एक बाहेरून वीज देण्यासाठी आहे, आणि तिला ३ व्होल्टच हवेत. गाडीच्या लायटरची जी कंपनीची केबल मिळते तिच्या प्लगमध्येच व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं. घरी प्लग बनवून ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिले तर ईट्रेक्स संपला. गोल प्लगवाल्या काही जीपीएसचा प्लग जास्त व्होल्टेज सोसतो, त्यामुळे "त्याला चालतं, मग याला का नाही" असा घोळ होतो.

केबल

बाजारात तयार नल मोडेम ॲडॉप्टर मिळतात. एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी असा एक घ्यायचा आणि मादी बाजूला दोन्हीकडे पिना असलेला जेंडर चेंजर लावायचा. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये जुना माल ठेवणाऱ्या दुकानात विचारा. नव्या कॉम्प्युटरला सिरियल पोर्टच नसल्याने काउंटरवरच्या पोराला नाव सांगून कळेलच असं नाही, डीबी-९ म्हणा किंवा चित्र दाखवा. काम होतं, पण दोन ठोकळे आणि दोन केबलींची टोकं मिळून वीतभर दांडा तयार होतो. खिशात मावत नाही आणि पामच्या क्लिपवर लोंबकळतो.

त्यापेक्षा हाताने बनवा. सोल्डरिंगचे दोन नर डीबी-९, दोन कव्हर, फूटभर तीन तारांची केबल, ६०-४० चा सोल्डर, २५ वॅटची इस्त्री. अर्ध्या तासाचं काम. पहिल्या कनेक्टरची २ नंबरची पीन दुसऱ्याच्या ३ ला, पहिल्याची ३ दुसऱ्याच्या २ ला, ५ ला ५. फक्त ठिकाणाचे आकडे ऐकायचे असतील तर जीपीएसकडून पामकडे जाणारी एक तार आणि ५ ची जमीन (ग्राउंड), अशा दोनच तारा पुरतात. पण तिसरी टाकून ठेवा. पुढे पामवरून ईट्रेक्समधले बिंदू उपसायचे असतील तर पामला प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि तो त्याच तारेतून जातो.

चूक इथे होते: पिना मोजण्यात. नर कनेक्टर समोरून पाहिला, पाच पिनांची ओळ वर धरली, की डावीकडून उजवीकडे १ ते ५. पण सोल्डर तर मागून करायचं असतं, आणि मागून तोच क्रम उलटा होतो. डावीकडून मोजत गेलात तर ज्याला २ समजलात तो ४ असतो, ज्याला ५ समजलात तो १. गंमत म्हणजे मधला ३ मात्र ३ च राहतो. त्यामुळे अशी चुकलेली केबल तपासताना एक तार बरोबर सापडते आणि माणूस निर्धास्त होतो. कनेक्टरच्या प्लास्टिकवर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. तिरपा उजेड टाकला की दिसतो. मोजू नका, वाचा.

पामच्या बाजूच्या कनेक्टरवर ७ आणि ८ या पिना एका तुकड्याने जोडून टाका. काही प्रोग्रॅम पोर्ट उघडताना हँडशेक चालू ठेवतात आणि समोरून "पाठव" अशी खूण येईपर्यंत पाम काही पाठवत नाही. ईट्रेक्स अशी खूण देतच नाही, त्याच्याकडे ती तारच नाही. ७-८ जोडले की पामची खूण पामलाच परत मिळते. नुसतं ऐकायचं असेल तर हे न करताही चालतं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एक शंका येते ती रास्त आहे. ईट्रेक्सचा आउटपुट खऱ्या आरएस-२३२ सारखा उणे व्होल्टपर्यंत जात नाही, ० ते ५ व्होल्टमध्येच खेळतो. फक्त उलटसुलटपणा आरएस-२३२ चा. मग पामला तो समजेल का? समजतो. आरएस-२३२ चे रिसिव्हर साधारण दीड व्होल्टच्या खाली असेल तर एक, वर असेल तर शून्य असं मानतात, त्यामुळे ० व्होल्टही चालून जातो. मात्र तारेची लांबी वाढली, गाडीच्या इग्निशनचा खडखडाट मिसळला, की उणे बाजूची राखीव जागा नसल्यामुळे अक्षरं बिघडतात. म्हणून फूटभर केबल. तीन मीटरची करून काही मिळवायचं नाही.

मीटर लावा, मग जोडा

दोघांना जोडण्याआधी दोघांना एकेकटं तपासायचं. याला पाच मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात.

ईट्रेक्स चालू करा. मेनूतून सेटअप, त्यात इंटरफेस, तिथे फॉरमॅट 'गार्मिन' असतो तो 'एनएमईए' (वेगवेगळ्या कंपन्यांच्या जीपीएसची सामायिक भाषा) करा. वेग ४८०० बॉड. हे केलं नाही तर ईट्रेक्स मुका राहतो, कारण गार्मिनच्या स्वतःच्या भाषेत तो विचारल्याशिवाय बोलत नाही. एनएमईए वर ठेवला की दर दोन सेकंदांनी आपणहून ओळींचा गठ्ठा सोडतो. उपग्रह सापडलेले नसले तरी सोडतो, फक्त रकाने रिकामे असतात. म्हणजे ही तपासणी घरात, पत्र्याखालीही होते.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पीन डीबी-९ च्या ५ मध्ये, लाल २ मध्ये. आकडा शून्याशी थोडा थांबतो, मग दोन-अडीचपर्यंत उडतो, परत खाली येतो. दोन सेकंदांच्या ठेक्यात. हा ठेका दिसला की ईट्रेक्स, त्याची केबल आणि सेटिंग, तिन्ही ठीक. नुसता शून्य दिसला तर बहुधा इंटरफेस गार्मिनवर राहिलाय, नाहीतर सपाट प्लग पूर्ण आत सरकलेला नाही. रबरी झाकण प्लगखाली दुमडून बसतं आणि तो अर्धा मिलिमीटर वर राहतो. कापसाच्या शेतातली काळी माती त्या चार पट्ट्यांवर बसली असेल तर पांढऱ्या खोडरबराने पुसा. पाण्याने धुऊ नका.

पामच्या केबलीवरही तेच, २ आणि ५. पण एक लक्षात ठेवा: पोर्ट बंद असताना पाम वीज वाचवायला ड्रायव्हरच बंद ठेवतो, त्यामुळे मीटर शून्य दाखवतो आणि केबल मेली असं वाटतं. आधी टर्मिनल प्रोग्रॅम उघडून पोर्ट चालू करा, मग मोजा. उणे पाचच्या आसपास काहीतरी दिसलं पाहिजे. दिसलं की २ नंबर हे पामचं तोंड आहे हेही सिद्ध झालं.

मग जोडा. आणि थेट नकाशाचा प्रोग्रॅम उघडू नका. पीटेलनेटसारखा साधा टर्मिनल उघडा, सिरियल निवडा, ४८०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, हँडशेक नाही. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी धावायला लागल्या की झालं. अक्षरं येताहेत पण कचरा, म्हणजे वेग चुकलाय. तार बरोबर आहे. काहीच येत नाही, म्हणजे तार किंवा इंटरफेस. ओळी मधूनमधून तुटतात, म्हणजे पामची क्लिप हलतेय. या तीन लक्षणांपलीकडे चौथं क्वचितच असतं.

पामची क्लिप हे या सगळ्यातलं सगळ्यात नाजूक ठिकाण. मोटारसायकलवर दहा मिनिटांत सुटते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद रबर कापून पामच्या तळाभोवती चढवा. यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही.

ओळींमध्ये काय असतं

'जीपीआरएमसी'ने सुरू होणारी ओळ आधी बघा. पहिला रकाना वेळ, दुसऱ्यात 'ए' किंवा 'व्ही'. 'व्ही' म्हणजे अजून जागा सापडलेली नाही, पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. 'ए' म्हणजे ठीक. काही हलके प्रोग्रॅम हे अक्षर बघतच नाहीत आणि शेवटचं जुनं ठिकाण तसंच दाखवत राहतात. आपण चोपड्यात उभे आणि पाम म्हणतो भुसावळ, असं झालं तर कारण हे.

वेळ यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आधी घेतलेल्या बिंदूवर कालची तारीख पडते. उन्हाळ्यात पहाटेच शिवारात उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर पंचनाम्याची तारीख आणि बिंदूची तारीख जुळत नाही. त्यात आणखी एक भर: जीपीएसची आठवड्यांची मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते, आणि यूटीसीनुसार ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती आली. त्यामुळे काही जुने रिसिव्हर तारीख साडेएकोणीस वर्षं मागची सांगतात. ठिकाण बरोबर असतं, तारीखच चुकलेली. अशा वेळी बिंदूला पामचं स्वतःचं घड्याळ लावणारा प्रोग्रॅम बरा. वेग नॉटमध्ये येतो, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

आता खरा खड्डा. एनएमईए मध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटं एकत्र चिकटवून येतात. समजा ओळीत २१०२.७००० उत्तर आणि ०७५०३.६००० पूर्व असं आलं. याचा अर्थ २१ अंश ०२.७ मिनिटं, ७५ अंश ०३.६ मिनिटं. मिनिटांना ६० ने भागायचं: २१.०४५ आणि ७५.०६०. हे ठिकाण अमळनेरच्या परिसरात पडतं. पण जो घाईघाईत दशांश चिन्ह दोन घरं डावीकडे सरकवतो तो २१.०२७ आणि ७५.०३६ लिहितो. उत्तर-दक्षिण दोन किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम अडीच किलोमीटर चुकतो. सरळ रेषेत सव्वातीन किलोमीटर. फसवं असं की हे ठिकाणही अमळनेर तालुक्यातच दिसतं, समुद्रात किंवा आफ्रिकेत जात नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. ओळखायची खूण सांगतो: ६० ऐवजी १०० ने भागल्यामुळे उत्तर नेहमी कमीच येतं, त्यामुळे चुकलेले बिंदू कायम खऱ्या जागेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकतात. नकाशावर सगळेच बिंदू नैर्ऋत्येला गेलेले दिसले, आणि कमी-जास्त अंतराने, तर केबल, डेटम (पृथ्वीचा आकार धरून अक्षांश-रेखांश मोजायची चौकट) काही बघू नका. भागाकार बघा.

डेटमचाही घोळ आहेच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटा, आपल्या भागातल्या ४६ क्रमांकाच्या, नंदुरबार-तोरणमाळची ४६ के, धुळ्याची ४६ एल, जळगाव-यावलची ४६ ओ, या एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, काढलेल्या. त्यांच्याशी जुळवायला ईट्रेक्सचं डेटम 'इंडियन' केलं की गार्मिन एनएमईए च्या ओळीतही त्याच डेटमचे आकडे सोडतो. पामवरचा प्रोग्रॅम मात्र ते डब्ल्यूजीएस ८४ समजून घेतो, आणि बिंदू बांध ओलांडून शेजारच्या शेतात जातात. नियम साधा ठेवा: पामला जोडताना ईट्रेक्स डब्ल्यूजीएस ८४ वरच, आणि जे काही रूपांतर करायचं ते नंतर एकाच जागी. दोन्हीकडे थोडं-थोडं करू नका.

यूटीएम, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी नकाशाची जाळी, वापरणाऱ्यांसाठी एक सोपी झडती. सगळा खानदेश ४३ व्या झोनमध्ये, आणि त्या झोनचा मधला रेखांश ७५ अंश. तो अमळनेरच्या किंचित पश्चिमेकडून उत्तर-दक्षिण जातो. त्या रेषेवर ईस्टिंग (पूर्व-पश्चिम आकडा) बरोब्बर ५,००,०००. त्यामुळे जळगाव, भुसावळ, रावेर, यावल इथले ईस्टिंग पाच लाखांच्या वर, धुळे, नंदुरबार, शहादा इथले खाली. धुळे शहराचा आकडा ४,७७,००० च्या जवळपास, जळगावचा ५,५८,००० च्या. भुसावळच्या बिंदूला पाच लाखांच्या आतला आकडा आला तर पुढे जायची गरजच नाही, काहीतरी चुकलंय.

उंचीबद्दल दोनच वाक्यं. 'जीपीजीजीए' ओळीत उंची समुद्रसपाटीपासूनची येते आणि तिच्यापुढे जिऑइडचा (समुद्रसपाटी आणि जीपीएसचा गणिती पृष्ठभाग यांतला) फरक वेगळा येतो, जो आपल्याकडे पन्नास मीटरपेक्षा जास्त उणे असतो. एखादा प्रोग्रॅम दोन्हींची बेरीज करून दाखवत असेल तर दोनशे मीटरवरचं जळगाव दीडशेवर उतरलेलं दिसेल; प्रोग्रॅम बदला.

पामवर कोणता प्रोग्रॅम? सीटस जीपीएस पुरेसा आहे. उपग्रह दाखवतो, बिंदू आणि वाट साठवतो, फुकट आहे. पाथअवे आणि जीपायलटएस नकाशा दाखवतात, पण त्यासाठी आधी नकाशाचं चित्र कापून, कोपरे जुळवून पामवर चढवावं लागतं, आणि ४ एमबीच्या पाम थ्रीएक्सवर किती मावणार. जीपीएसबॅबेलच्या जुन्या आवृत्त्या या तिन्हींच्या फायली वाचून जीपीएक्स (बहुतेक नकाशा-प्रोग्रॅमना चालणारी फाइल) करून देतात. प्रोग्रॅम पामवर चढवायला लिनक्सवर पायलट-लिंक आणि यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर वापरा. इथे नल मोडेम लावायचा नाही. ॲडॉप्टर कॉम्प्युटरच्याच भूमिकेत असतो, त्याला नर टोक असतं आणि हॉटसिंक केबल त्यात थेट बसते. सवयीने मध्ये नल मोडेम घातला की हॉटसिंक होत नाही.

शिवारात

दर दोन सेकंदांनी ओळी येतात हे वर लिहिलं, त्याचं कारण वेगात आहे. ४८०० बॉडला सेकंदाला ४८० अक्षरं जातात आणि ईट्रेक्सचा पूर्ण गठ्ठा त्यापेक्षा मोठा, म्हणून एका सेकंदात मावत नाही. परिणाम असा की पामवर दिसणारं ठिकाण दोन सेकंदांपर्यंत शिळं असू शकतं. पायी चालताना फरक पडत नाही. मोटारसायकल ताशी चाळीसने असेल तर बावीस मीटर मागचा बिंदू नोंदला जातो. त्यात ईट्रेक्स बॅटरी सेव्हवर ठेवला तर तो आकडेमोडच कमी वेळा करतो, आणि मागेपणा वाढतो. चालत्या गाडीवर बिंदू घ्यायचाच नाही. थांबा, चार श्वास घ्या, मग पेन टेकवा.

केळीच्या बागेत अडचण वेगळी. उपग्रहाची लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची, तरंगलांबी एकोणीस सेंटिमीटर, आणि पाण्याने भरलेलं पान तिला गिळतं. रावेर-यावलकडच्या दाट बागेत, त्यातही पाऊस पडून गेल्यावर, पाम 'व्ही' आणि 'ए' मध्ये लंबकासारखा झुलतो. बागेच्या आत शिरून बिंदू घेण्यापेक्षा चारही बाजूंच्या बांधावरून घ्या. ईट्रेक्सचा अँटेना सपाट चकतीचा आहे, म्हणून तो तोंड वर करून आडवा धरायचा. जीपीएस ७६ सारख्यांचा वेटोळ्याचा असतो, त्यांना उभं. पामला जोडून दोन्ही एकाच हातात घेतले की ईट्रेक्स आपोआप उभा होतो आणि वर तळहाताने झाकला जातो. त्याला टोपीवर किंवा खांद्याच्या पट्ट्यावर बांधा, पाम हातात. फूटभर केबल खांद्यापासून पुरत नाही, म्हणून हे करणाऱ्यांनी एक मीटरची वेगळी केबल ठेवावी. तेवढ्याने बिघडत नाही.

सातपुड्याच्या दऱ्यांत, अक्राणीकडे, आकाशाची फक्त एक पट्टी दिसते. उपग्रह चार मिळतात पण एका ओळीत, आणि कड्यावरून परावर्तित लहरीही येतात. आकडे स्थिर दिसतात आणि तरी चुकीचे असतात. पामवर अचूकतेचा आकडा बघत बसण्यापेक्षा जाताना एकदा आणि येताना एकदा तोच बिंदू घ्या. दोन्हींत वीस मीटरचा फरक आला तर तुम्हाला खरी अचूकता कळली.

बऱ्याच वर्षांनी ड्रॉवरमधून काढलेला ईट्रेक्स पहिल्यांदा लावताना घाई करू नका. त्याच्याकडचं उपग्रहांचं वेळापत्रक शिळं झालेलं असतं आणि नवीन पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतातच. गच्चीवर अर्धा तास ठेवून द्या.

मे महिन्यात पामचा पडदा काळवंडतो. बिघडलेला नसतो, उष्णतेने एलसीडीचा काँट्रास्ट चढतो. पाम थ्रीच्या कडेला असलेलं चाक फिरवून कमी करा आणि सावलीत ठेवा. मोटारसायकलच्या टाकीवर उन्हात ठेवून चहाला जाऊ नका.

आणि हे सगळं मोजणीसाठी आहे का? नाही. १ एकराचा चौकोन म्हणजे बाजू साधारण ६४ मीटर. प्रत्येक कोपऱ्यावर स्वतंत्रपणे ५ मीटरची चूक धरली तर क्षेत्रफळात साडेचारशे चौरस मीटरचा, म्हणजे साडेचार गुंठ्यांचा फरक सहज येतो. चाळीस गुंठ्यांत साडेचार! सगळे कोपरे लागोपाठ पाच-सात मिनिटांत घेतले तर चूक सगळीकडे एकाच बाजूला सरकते आणि क्षेत्रफळ बरंच सुधारतं, म्हणून अर्धे कोपरे सकाळी, अर्धे संध्याकाळी असं करू नका. वनहक्काच्या दाव्यातला तुकडा, केळीचं लागवड क्षेत्र, विहिरी-नाल्यांची यादी, यासाठी हे बरं. भावकीतल्या बांधाच्या भांडणात हा आकडा पुढे करू नका. तिथे भूमी अभिलेखची मोजणीच.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात: अँड्रॉइडला ओटीजी केबल, तिला यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर, त्याला ईट्रेक्सची पीसी केबल थेट. नल मोडेम नाही. ॲपमध्ये वेग ४८०० करा, कारण बहुतेकांत तो आधीच ९६०० किंवा त्याहून जास्त लावलेला असतो. ॲडॉप्टर फोनचीच वीज खातो, दिवसभर लावून ठेवू नका.

संध्याकाळी घरी आल्यावर आधी ईट्रेक्सचा इंटरफेस परत 'गार्मिन' करा, नाहीतर कॉम्प्युटरला तो सापडणार नाही. आणि पामची नोंद त्याच रात्री उतरवून घ्या. सिरियल पोर्ट दिवसभर उघडा राहिला की बारीक सेल आठवड्यांऐवजी फार लवकर बसतात, आणि पाम थ्रीमधली सगळी माहिती त्या सेलांच्याच जिवावर टिकलेली असते. सेल बदलायला मिनिटभराची मुदत मिळते. एक काढला, नवीन पाकीट दातांनी फाडत बसलात, तर दिवसभराच्या चाळीस विहिरी गेल्या. नवे सेल आधी उघडून मांडून ठेवा, मग झाकण काढा.